न धुतलेला स्वेटशर्ट

जनू,

तुझ्या दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही, याचा मला मनातून आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायचं म्हणून ठेवलेल्या गोष्टींचं आपल्या दोघांच्यात काय होतं, ते तुला ठाऊक आहे.

माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही दोन तास उन्हात उभे होतो. तू शेजारी उभा राहून माझ्या कानात म्हणाला होतास, "कोर्सवाल्या, तुज्या बापाला तुज्या धंद्याची काळजी हाय." ते मी विसरलो नव्हतो. त्यामुळे तुझ्या गावी, आपट्याला, पाताळगंगेच्या काठी तुझा पिंड ठेवला आणि समोरच्या भिंतीवरचा कावळा मान वाकडी करून नुसता बघत बसला, तेव्हा मला बरं वाटलं. निदान एका बाबतीत तरी आपण बरोबरीत आलो. बाकी बरोबरी कुठली? घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. निम्म्या लोकांना मी ओळखत होतो, कारण ते माझ्या दुकानासमोरून तुझ्या दुकानात जायचे.

मंदावहिनींनी सांगितलं, सासूबाईंना शेवटपर्यंत बघीन. कावळा ढिम्म. तुझ्या भावानं सांगितलं, बांधावरचा आंबा तोडणार नाही. कावळ्यानं पंख खाजवला. मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमी बोला. तुमचंच काय तरी राहिलं आसल."

मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, "जनू, राहिलेले नऊ स्वेटशर्ट मी पुरे करतो."

कावळा भिंतीवरून उडाला आणि लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

मागे कुणीतरी नाकातून हसलं. मग दुसरं. मग तुझा सख्खा भाऊ तोंडात टॉवेल कोंबून खाली बसला. तुझ्या दहाव्याला, जनू, लोक माझ्यावर हसले, आणि वहिनीसुद्धा पदराआड हसल्या. मला इतका राग आला की मी मोठ्यानं म्हणालो, "कापायचंच बॅकिंग लावीन. झालं समाधान?"

कावळा आला आणि भाताला चोच लावून गेला.

आता हे वाचतील त्यांना सांगायला हवं. स्वेटशर्टचं कापड ताणलं जातं, आतून त्याला लव असते. मशीन त्यावर भरतकाम करतं तेव्हा सुई एकाच जागी शेकडो वेळा टोचते आणि कापड आत ओढलं जातं. ते ओढलं जाऊ नये म्हणून खालून कागदासारखं एक कापड लावतात. ते बॅकिंग. त्याच्या मुख्य जाती दोन. एक फाडायचा कागद: काम झालं की टर्रकन फाडून टाकायचा, पाठ मोकळी. दुसरा कापायचा: कडेनं कात्रीनं कापायचा, पण भरतकामाच्या मागे तो कायमचा राहतो. मी फाडायच्या पक्षाचा, तू कापायच्या. या एका प्रश्नावर आपण पनवेलच्या एका गल्लीत, समोरासमोरच्या दोन गाळ्यांमधून, अकरा वर्षं भांडलो. माणसं पक्षांवरून भांडतात, जमिनीवरून भांडतात. आपण कागदावरून भांडलो.

"जे फाडून टाकायचं ते लावायचंच कशाला?" तू म्हणायचास.

"अरे, आतून हलकं राहतं. अंगाला लागत नाही."

"आंगाला लागत नाय, पन पयल्या धुन्यात लाज जाते."

तू बरोबर होतास. स्वेटशर्टला कापायचाच लागतो, हे माझ्या मशीन-भरतकामाच्या कोर्सच्या पुस्तकातही लिहिलेलं होतं. पण ते पान मी वाचायच्या आधी तू, दहावीला दोनदा बसलेला माणूस, मला ते सांगितलंस. मग मी ते मान्य कसं करणार? माझं सर्टिफिकेट काचेत लावून भिंतीवर टांगलेलं होतं. तुझ्या भिंतीवर टांगलेली होती कात्री.

आणि तुझी ती पद्धत. कुठल्याही ऑर्डरचा पहिला नमुना तयार झाला की तू तो उलटा करून उघड्या अंगावर घालायचास. दिवसभर. मे महिन्यात पनवेलला, जिथं बनियनसुद्धा जड होतो, तू लव बाहेर काढलेला स्वेटशर्ट घालून टपरीवर चहा प्यायचास. उलटा म्हणजे लव बाहेर, मग बॅकिंगही बाहेर, ते अंगाला लागणारच नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि मी तुला पकडलं. "जन्या, टोचतंय की नाही ते बघायचं तर सुलटा घाल ना."

तू म्हणालास, "सकाळी सुलटा घातलावता. आता उलटा घातलाय. लोकांना पाठ दिसू दे. समोरून कोन पन चांगलं दिसतं."

म्हणजे अर्धा दिवस तुझं पोट परीक्षा घ्यायचं आणि अर्धा दिवस सगळी गल्ली. लोक टाक्यांची पाठ बघायचे, बोट लावायचे आणि ऑर्डर देऊन जायचे. मला वाटलं, युक्ती सोपी आहे. मीही एक नमुना सकाळी उघड्या अंगावर घातला. माझ्या नमुन्याचा कागद नीट फाटलेला नव्हता, त्याचे कंगोरे राहिले होते. दहा वाजताच छातीला मुंग्यांनी चावे घेतल्यासारखं व्हायला लागलं. पण तू समोरून बघत होतास. मी संध्याकाळपर्यंत काढला नाही. घरी शैलानं तीन दिवस खोबरेल लावलं. लावताना तिनं एकच विचारलं, "पैज कुणाशी होती?"

"कुणाशी नाही."

"मग जनूभाऊंशी," ती म्हणाली.

तिनंही तुला 'भाऊ' म्हणावं याचा मला त्रास व्हायचा. मला 'अहो'. अहो हे ऐका, अहो ते बघा. आणि तुझं नाव घेताना आवाजात साखर. एकदा तिनं खांदा कॉलनीतल्या तिच्या भिशीच्या बायकांसाठी टी-शर्ट भरून घ्यायचे ठरवले आणि काम तुला दिलं. मी विचारलं, नवरा याच धंद्यात आहे हे बायकांना ठाऊक आहे का? ती म्हणाली, "ठाऊक आहे, म्हणूनच."

तुझं गुपित काय, हे शोधायला मी तुझा कचरा चोरला होता. हे तुला ठाऊक आहे, पण सगळ्यांना नाही. रोज दुकान बंद करताना तू कात्रणांची पिशवी शटरबाहेर ठेवायचास. आठवडाभर मी ती उचलून नेली. घरी जेवणाच्या टेबलावर तुझे तुकडे पसरून मी भिंगातून बघत बसायचो. कुठला कागद, किती जाड, कुठून आणतोस. आठव्या दिवशी तू गल्ली ओलांडून आलास, पिशवी माझ्या काउंटरवर ठेवलीस आणि म्हणालास, "आज लवकर घरी चाललोय, म्हटलं हातात देऊन जाऊ." तुझा कागद माझ्याच व्यापाऱ्याकडचा होता. माझ्याच थप्पीतला. उलट मी तुझ्यापेक्षा एक नंबर वरचा घेत होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चोरी पकडली गेली म्हणून नव्हे. चोरण्यासारखं काही निघालं नाही म्हणून.

आता ते दुसरं. ते मी कधी बोललो नाही, तूही बोलला नाहीस.

तू भातलावणीला गावीच थांबला होतास, तुझं शटर खाली होतं. एका ट्रेकिंगच्या ग्रुपचा म्होरक्या गल्लीत आला, तुझं नाव विचारत. माझ्या दारात थांबून म्हणाला, "समोरच्यांचं मशीन बंद आहे का?"

मी म्हणालो, "बंद पडलंय. महिनाभर तरी काही खरं नाही."

तुझं मशीन धडधाकट होतं. तू दुसऱ्या दिवशी येणार होतास. चाळीस स्वेटशर्ट मी घेतले, आणि तुला कळायच्या आत संपवायचे म्हणून फाडायच्या कागदावर भरले, तेही एकेरी. शिवाय फ्रेममध्ये कापड तबल्यासारखं ताणून बसवलं. कापड ताणलेलं असताना सुंदर दिसतं. सोडलं की ते आपल्या जागी परत जातं, टाके जात नाहीत. छातीवर डोंगरामागून उगवणारा गोल सूर्य होता. पहिल्या धुण्यानंतर पोरं पोतं घेऊन आली. सूर्याचं फुटकं अंडं झालं होतं. एकाची तर, सांगायला हरकत नाही, मी पुढची आणि पाठची बाजू एकत्र शिवून टाकली होती. तो ज्याचा होता त्यानं डोकं आत घातलं आणि तिथेच अडकून उभा राहिला. बाकीचे त्याचे फोटो काढत होते.

मी साबणाला दोष देत होतो. तेवढ्यात तू आलास. एक स्वेटशर्ट हातात घेतलास, उलटा केलास, अंगठा फिरवलास. मला वाटलं, आता बोलणार. तू त्या पोरांना म्हणालास, "पानी खारट आसल. दोन दिवस द्या."

दोन दिवस आपण तुझ्या दुकानात बसून जाड कापडावर चाळीस नवे सूर्य भरले, कापायच्या बॅकिंगवर, आणि ते जुन्या अंड्यांवर शिवले. त्या दोन दिवसांत तू विचारलं नाहीस की हे काम माझ्याकडे आलं कसं. तिसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करताना तू समोरून हात केलास. "माजं मशीन चालू हाय बरं."

पहिले दोन महिने मला वाटलं, हा तुझा नवा नमस्कार. रोज सकाळी तेच. "माजं मशीन चालू हाय बरं." मी पण हात करायचो, "छान, छान." मग एके दिवशी इस्त्री करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि स्वेटशर्टला इस्त्रीचा आकार उमटला. त्यानंतर इतकी वर्षं, रोज सकाळी, तू ते म्हणायचास आणि मी हात करायचो. रागानं म्हणाला असतास तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. तू हसून म्हणायचास. हसणाऱ्याची माफी कशी मागायची, ते मला कुठल्या कोर्सात शिकवलं नाही.

ज्या सकाळी तू म्हणाला नाहीस, त्या सकाळी मी चहा घेऊन वाट बघत उभा होतो. मग तुझ्या भावाचा फोन आला.

दहाव्यानंतर वहिनींनी मला तुझ्या दुकानाची किल्ली दिली. पहाटे तलावावर फिरणाऱ्या आपल्या 'पहाटपक्षी' मंडळाची हिमाचलची सहल पुढच्या महिन्यात. एकवीस जण, एकवीस स्वेटशर्ट, प्रत्येकाच्या छातीवर वडाळे तलावावरचा खंड्या पक्षी. मी त्या मंडळात तब्येतीसाठी आलो नव्हतो, हे तू ओळखलं होतंस. तू रोज पहाटे आपट्याहून गाडी मारत येऊन तलावावर लोकप्रिय होतोस, हे मला बघवलं नव्हतं.

बारा झाले होते, नऊ कोरे होते. मी ठरवलं, असे करीन की बारा कुठले आणि नऊ कुठले हे कुणाला ओळखता येणार नाही. जगात कुणालाही. एवढी एकच इच्छा होती. तुझं डिझाइन मशीनमध्येच होतं, दोरे लावलेले होते. फक्त तुझं बॅकिंग बघायचं आणि तसंच लावायचं. मी बाराच्या बारा उलटे केले.

बारा तऱ्हेचे होते.

दातेकाकूंच्या शर्टात बॅकिंगवर आणखी एक मऊ अस्तर चिकटवलं होतं, कारण काकूंना कशानंही पुरळ येतं. आपल्या अध्यक्षांच्या शर्टात कापायच्या कागदाचे दोन थर, कारण त्यांच्या पोटावर कापड जितकं ताणलं जातं तितकं मशीनच्या फ्रेममध्येही ताणलं जात नाही. रिटायर्ड एसटी ड्रायव्हर कदमांचा खंड्या उजवीकडे बसवलेला, कारण डावीकडे पेसमेकर. मी वहिनींना फोन केला. यादी कुठे आहे, वही कुठे आहे?

"वही कसली भावजी? ते डोक्यात ठेवायचे."

म्हणजे राहिलेले नऊ तुझ्या डोक्यात होते आणि तू ते घेऊन गेलास. मी पुन्हा तलावावर गेलो, या वेळी विचारायला. मला विचारायची सवय नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो. पहिल्याच गृहस्थांना म्हणालो, तुमच्या अंगाला काही लागतं का, टोचतं का? ते म्हणाले, "जनूला सगळं सांगितलं होतं की. तुम्हाला बोलला नाही?" दुसरेही तेच. तिसरेही. सगळ्यांना तू आधीच विचारून ठेवलं होतंस आणि सगळ्यांना मला तेच परत सांगावं लागत होतं, त्यामुळे ते माझ्याकडे असं बघत होते की जणू मी तुझा निरोप हरवला. वैद्यबाई तेवढ्या आपणहून बोलल्या. त्यांची नात त्यांच्या छातीवर गाल टेकून झोपते. "जनूभाऊ म्हणाले होते, आतून बाईंना मऊ आणि वरून नातीला मऊ. म्हणजे टाके विरळ ठेवतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला जमेल ना?"

तुझं गुपित एवढंच असेल, जनू, तर फार कंटाळवाणं गुपित आहे. मला निदान जपानी कागदाची आशा होती.

या बारांत एक माझा होता. कॉलरला आत खडूनं 'को' लिहिलेलं. कोर्सवाला. तो मी मुद्दाम शेवटी उलटा केला, आणि बघतच राहिलो. त्यात फाडायचा कागद होता.

मी खिडकीपाशी नेऊन पाहिला. चूक नव्हती. तू फाडायच्या कागदाचे दोन थर एकमेकांना आडवे लावले होतेस, कापडाला आधी हलके चिकटवून. खंड्याच्या खाली जाळीसारखा एक पातळ टाका घालून घेतला होतास, कापड आधीच जागेवर बसावं म्हणून. वरचे टाके थोडे विरळ केले होतेस. आणि कागद टर्रकन फाडला नव्हतास. चिमट्यानं, टाक्याला टाक्यानं, एकही कंगोरा न ठेवता काढला होतास. आतून हात फिरवला तर काही नाहीच. हलका. अगदी मी अकरा वर्षं म्हणत होतो तसा.

वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तो करताना लय हसत होते. बोलले, याला याचाच कागद."

बस, एवढंच. आता मी काय समजायचं? चिडवलंस? मान्य केलंस? की तुला वाटलं, याची बाजू इतकी वर्षं कुणी धड मांडली नाही, आपण एकदा मांडून बघू? तसं असेल तर ऐक. माझ्या बाजूनंसुद्धा तू माझ्यापेक्षा चांगलं भांडलास. हे मला सहन होत नाही. मेलेल्या माणसाचा इतका हेवा करू नये असं शैला म्हणते. मी तिला म्हटलं, जिवंतपणी करून पाहिला, पुरला नाही.

नऊ मी केले. तुझ्या मशीनवर, तुझ्या कात्रीनं, कापायचं बॅकिंग लावून, कावळ्याला दिल्या शब्दाप्रमाणे. वैद्यबाईंचा दोनदा केला. पहिला मला मऊ वाटला होता, पण मग मी शटर ओढून अंगातला शर्ट काढला, बाईंचा स्वेटशर्ट उघड्या अंगावर घातला आणि तासभर बसलो, आणि तो मऊ नव्हता.

तसाच, अर्धं शटर खाली, अंगात एका आजीबाईंचा स्वेटशर्ट आणि घामाच्या धारा, असा बसलेलो असताना बाहेर एक बाई वाकून आत बघायला लागल्या. "अहो, जनूभाऊंचं मशीन बंद आहे का?"

तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत. माझ्या तोंडावर आलं होतं की जनूभाऊ गेले. ते नंतर सांगितलंच. पण आधी दुसरं सांगितलं.

"नाही," मी म्हणालो. "चालू आहे."

"मग तुम्ही कोण?"

"समोरचा."

परवा मंडळानं एकवीस स्वेटशर्ट वाटले. कुणालाच ओळखता आलं नाही, बारा कुठले नि नऊ कुठले. मला हवं होतं तसंच झालं. सगळे म्हणाले, "जनू तो जनूच." मी टाळ्या वाजवल्या.

माझा मी तिथेच घातला. काल दिवसभर दुकानातही घातला, दुपारपर्यंत सुलटा, दुपारनंतर उलटा. टोचला नाही. टपरीवाल्यानं पाठ बघितली आणि म्हणाला, "हा तुमचा नाय वाटत." आज सकाळी शैलानं तो दोन बोटांत धरून बाल्कनीत नेला. तिचं म्हणणं, वास येतोय. येतोच आहे.

पण धुवायचा कसा, ते तू सांग. धुतला आणि खंड्या आवळला, तर तुझं म्हणणं खरं. धुतला आणि खंड्या तसाच राहिला, तर माझं म्हणणं खरं, पण ते खरं करून दाखवलं तू. दोन्हीकडून तूच जिंकतोस, आणि एकदा जिंकलास की वाद संपला. मग मी सकाळी समोरच्या शटरकडे बघून कशाबद्दल बोलायचं?

शैला आतून विचारते आहे, "अहो, टाकू का मशीनमध्ये?"

मी सांगितलंय, नको. अजून बोलणं चालू आहे.